लिनक्सवरील सेटिंग्जचा बॅकअप: घेताना सगळे, परत ठेवताना निवडून

काही वर्षांपूर्वी संगणकाची डिस्क बदलायची वेळ आली, तेव्हा मी होम फोल्डर, म्हणजे वापरकर्त्याचा स्वतःचा फोल्डर, उघडला, समोर दिसणारे सगळे फोल्डर निवडले, बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले आणि नव्या डिस्कवर लिनक्स बसवून झाल्यावर ते जागच्या जागी परत ठेवले. लेख, छायाचित्रे, हिशेबाच्या फाइली असे सगळे सुखरूप आले होते. तरीही ब्राउझर उघडला तो एकही बुकमार्क नसलेला, ईमेलचा प्रोग्राम पहिल्यांदाच भेटत असल्यासारखा खात्याचा तपशील विचारू लागला, हाताला सवय झालेले कळफलकाचे शॉर्टकट चालेनात, आणि लिब्रेऑफिसच्या शब्दकोशात मी वर्षानुवर्षे एकेक करून भरलेले शब्द पुन्हा तांबड्या रेघांसह दिसू लागले. जुनी डिस्क तोवर पुसून झाली होती. मी फक्त डोळ्यांना दिसले तेवढेच उचलले होते.

ही चूक फार सहज होते, आणि ती टाळण्यासाठी सेटिंग्ज नेमक्या कोठे व कशा स्वरूपात लिहिल्या जातात एवढे समजून घेणे पुरेसे असते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की बॅकअप घेताना हात आखडता घेऊ नये, पण परत ठेवताना सगळे एकदम ओतूही नये; दोन्ही कामांचा स्वभाव वेगळा आहे. पुढे आज्ञांची आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकावी लागतात.

नावापुढचे टिंब

लिनक्समध्ये ज्या फाइलीचे किंवा फोल्डरचे नाव टिंबाने सुरू होते, ते फाइल व्यवस्थापक एरवी दाखवत नाही. या टिंबाचा सुरक्षिततेशी काहीही संबंध नाही. तो केवळ नजरेआड ठेवण्याचा संकेत आहे. लिनक्स जिच्या धर्तीवर बनली त्या यूनिक्स प्रणालीच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक फोल्डरमध्ये 'हाच फोल्डर' आणि 'वरचा फोल्डर' अशा अर्थाच्या, एका आणि दोन टिंबांच्या दोन नोंदी आल्या. यादी दाखवणाऱ्या एलएस या आज्ञेत त्या दोन नोंदी वगळण्यासाठी 'पहिले अक्षर टिंब असेल तर पुढे जा' असा आखूड मार्ग घेतला गेला, आणि त्यामुळे टिंबाने सुरू होणारे प्रत्येकच नाव लपू लागले. हा इतिहास यूनिक्सच्या जडणघडणीत सहभागी असलेल्या रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये सांगितला. पुढे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी ही सोय उचलली आणि आपापल्या सेटिंग्ज अशा लपलेल्या फाइलींत ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

बहुतेक फाइल व्यवस्थापकांत कंट्रोल आणि एच या कळा एकत्र दाबल्या की लपलेल्या फाइली दिसू लागतात. टर्मिनल वापरणाऱ्यांसाठी मात्र आणखी एक खाचखळगा आहे. होम फोल्डरमध्ये उभे राहून 'सगळे' या अर्थाने तारांकन (*) वापरून कॉपी केली, तर शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, त्या तारांकनात टिंबाने सुरू होणारी नावे धरतच नाही. आज्ञा कोणतीही तक्रार न करता पूर्ण होते, आणि नेमक्या सेटिंग्ज मागे राहतात. म्हणून कॉपी नेहमी होम फोल्डरची करावी, त्याच्या आतल्या तारांकनाची नव्हे.

पूर्वी प्रत्येक प्रोग्राम होम फोल्डरमध्ये स्वतःची वेगळी टिंबधारी फाइल मांडून ठेवत असे, त्यामुळे तेथे मोठी गर्दी होई. फ्रीडेस्कटॉप या समूहाने यासाठी एक संकेत ठरवून दिला आणि बहुतेक नवे प्रोग्राम तो पाळतात. वापरकर्त्याने निवडलेल्या सेटिंग्ज डॉट कॉन्फिग या फोल्डरमध्ये जातात. प्रोग्रामला लागणारी वापरकर्त्याची सामग्री, म्हणजे स्वतः बसवलेले फॉन्ट, ग्नोम या डेस्कटॉपची एक्स्टेन्शन (छोटे जोड-प्रोग्राम), पासवर्डांच्या पेट्या वगैरे, डॉट लोकलच्या आतील शेअर या फोल्डरमध्ये असते. जे गेले तरी पुन्हा तयार होऊ शकते ते डॉट कॅशमध्ये असते. २०२१ मध्ये या संकेतात स्टेट हा आणखी एक फोल्डर आला. इतिहास, नोंदवह्या, मागच्या वेळी खिडकी कोठे होती अशा फिरत्या गोष्टी त्यात ठेवायच्या असतात.

हे चार कप्पे लक्षात ठेवले की बरेचसे काम सोपे होते. डॉट कॅश बिनदिक्कत वगळावा, कारण त्याचा आकार पुष्कळ असतो आणि उपयोग शून्य. डॉट कॉन्फिग पूर्ण घ्यावा. डॉट लोकल-शेअर घेताना मात्र आत डोकावणे बरे, कारण कचरापेटी तेथेच असते, केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या शोधयंत्रणेची अनुक्रमणिका तेथेच असते, आणि खेळ किंवा कंटेनर (स्वतंत्र कप्प्यात चालणारे प्रोग्राम) वापरणाऱ्यांच्या संगणकावर तेथे कित्येक गीगाबाइट पडून असतात.

संकेत न पाळणारे, किंवा संकेतापेक्षा जुने असलेले प्रोग्रामही आहेत. फायरफॉक्सची प्रोफाइल वर्षानुवर्षे डॉट मोझिला या फोल्डरमध्ये राहत आली आहे, थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रामची डॉट थंडरबर्डमध्ये, बॅश शेलची मांडणी डॉट बॅशआरसी या फाइलीत आणि दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या एसएसएच या व्यवस्थेच्या किल्ल्या डॉट एसएसएच फोल्डरमध्ये. त्यात प्रोग्राम बसवण्याच्या फ्लॅटपॅक आणि स्नॅप या दोन पद्धतींनी आणखी दोन पत्ते जोडले आहेत. फ्लॅटपॅकने बसवलेला प्रोग्राम आपल्या सेटिंग्ज डॉट व्हारच्या आतील ॲप या फोल्डरमध्ये, स्वतःच्या ओळखनावाच्या उपफोल्डरात ठेवतो. स्नॅपचा प्रोग्राम होम फोल्डरमधल्या स्नॅप या फोल्डरमध्ये, ज्याच्या नावापुढे टिंबही नसते. उबुंटू या वितरणाच्या, म्हणजे लिनक्सच्या तयार संचाच्या, २२.०४ या आवृत्तीत फायरफॉक्स स्नॅपच्या रूपातच येतो, त्यामुळे तेथे जुन्या सवयीने डॉट मोझिलाचा बॅकअप घेणाऱ्याच्या हाती रिकामा किंवा शिळा फोल्डर लागू शकतो. आपला प्रोग्राम कोणत्या मार्गाने बसला आहे हे आधी पाहावे, मग त्याचा पत्ता शोधावा.

डेस्कटॉप स्वतःची मांडणी कोठे लिहितो

प्रोग्रामांच्या सेटिंग्ज बहुधा वाचता येण्याजोग्या मजकुराच्या फाइलींत असतात, पण ग्नोमचे तसे नाही. ग्नोम, आणि त्याच्याच मुळाचे सिनॅमन व माटे हे डेस्कटॉप, आपली मांडणी डीकॉन्फ नावाच्या व्यवस्थेत ठेवतात. डॉट कॉन्फिगमध्ये डीकॉन्फ नावाचा फोल्डर असतो आणि त्यात 'यूझर' नावाची एकच फाइल असते. पार्श्वचित्रापासून माउसच्या वेगापर्यंत सारे काही त्या एका फाइलीत असते, पण ती द्विमान स्वरूपाची असल्यामुळे मजकूर संपादकात उघडली तर अर्थबोध होत नाही. ती फाइल जशीच्या तशी उचलून नेता येते, परंतु त्यात 'सगळे किंवा काहीच नाही' एवढाच पर्याय उरतो.

त्यापेक्षा मला डीकॉन्फ डंप ही आज्ञा कितीतरी अधिक उपयोगाची वाटते. 'डीकॉन्फ डंप', त्यापुढे मोकळी जागा सोडून एक तिरकी रेघ (/), त्यापुढे 'मोठे'चे चिन्ह (>) आणि शेवटी आपल्या पसंतीचे फाइलनाव, एवढे टंकले की सगळी मांडणी साध्या मजकुरात उतरते. ती फाइल उघडून पाहावी. तिच्यात चौकटी कंसांत एकेक वाट लिहिलेली असते, उदाहरणार्थ ऑर्ग, ग्नोम, डेस्कटॉप, इंटरफेस; आणि तिच्याखाली त्या वाटेवरच्या सेटिंग्ज एकेका ओळीत असतात: घड्याळ बारा तासांचे की चोवीस तासांचे, फॉन्टचा आकार किती, रंगसंगती उजळ की गडद. येथे एक गोष्ट ध्यानात येते. फाइल अपेक्षेपेक्षा लहान असते, कारण डीकॉन्फ फक्त बदललेली मूल्ये साठवते. जे आपण कधी हलवले नाही ते मूळ आराखड्यातून वाचले जाते. म्हणजे ही फाइल वाचणे हे एका अर्थाने आपल्या सवयींची यादी वाचणे असते, आणि कित्येकदा 'हे मी केव्हा बदलले होते' असा प्रश्न पडतो.

परत ठेवण्यासाठी डीकॉन्फ लोड ही आज्ञा आहे आणि तिला तीच फाइल 'लहान'च्या चिन्हाने (<) द्यायची असते. ती फाइलीतली मूल्ये लिहिते, आणि फाइलीत नसलेल्या गोष्टींना हात लावत नाही. मात्र तिच्या वापरात एक चूक वारंवार होते. डंप ज्या वाटेवरून घेतला, लोडही त्याच वाटेवर करावा लागतो. समजा आपण फक्त शॉर्टकटच्या फांदीचा डंप घेतला आणि लोड करताना मुळाशी, म्हणजे नुसत्या तिरक्या रेघेवर केला, तर सगळी मूल्ये भलत्याच जागी लिहिली जातात. डीकॉन्फ कोणती सेटिंग कोणत्या आराखड्यात बसते हे तपासत नाही, त्यामुळे त्रुटीचा संदेश येत नाही. फक्त काहीच बदललेले दिसत नाही, आणि माणूस बॅकअपलाच दोष देत बसतो.

शॉर्टकटचा विषय निघालाच आहे, तर तो जवळून पाहण्यासारखा आहे. ग्नोममध्ये स्वतः तयार केलेला प्रत्येक शॉर्टकट शून्यापासून क्रमांक दिलेल्या वेगळ्या उपवाटेवर असतो आणि त्यात त्याचे नाव, चालवायची आज्ञा व कळा अशा तीन नोंदी असतात. पण कोणकोणत्या उपवाटा विचारात घ्यायच्या याची यादी एक पायरी वर, मीडिया-कीज या वाटेवर असते. केवळ उपवाटा परत ठेवल्या आणि यादी ठेवली नाही, तर शॉर्टकट नोंदलेले असूनही चालत नाहीत. म्हणून या बाबतीत मीडिया-कीज ही पूर्ण फांदीच घ्यावी. एक्स्टेन्शनचीही गोष्ट अशीच दोन ठिकाणी विभागलेली आहे: कोणती सुरू आहेत याची यादी डीकॉन्फमध्ये, आणि प्रत्यक्ष एक्स्टेन्शन डॉट लोकल-शेअरच्या आतील ग्नोम-शेल या फोल्डरमध्ये. दोन्ही परत आणली तरी ग्नोम शेलची नवी आवृत्ती जुने एक्स्टेन्शन नाकारू शकते, कारण प्रत्येक एक्स्टेन्शन आपण कोणत्या आवृत्त्यांवर चालतो हे स्वतःच जाहीर करत असते.

केडीई प्लाझ्माची पद्धत याच्या उलट आहे. तेथे एकच मध्यवर्ती साठा नसून डॉट कॉन्फिगमध्ये बहुधा आरसी या अक्षरांनी संपणाऱ्या पुष्कळ मजकूर-फाइली असतात: खिडक्यांच्या वागणुकीसाठी केविनआरसी, सर्वत्र चालणाऱ्या शॉर्टकटसाठी केग्लोबलशॉर्टकट्सआरसी, रंग व फॉन्टसाठी केडीईग्लोबल्स. पॅनल आणि त्यावरची विजेट एका लांबलचक नावाच्या फाइलीत असतात, जिचा शेवट ॲपलेट्सआरसी असा होतो. या फाइली उघडून वाचता येतात, हवी तेवढीच उचलता येते, हे मोठे सुख आहे. गर्दीतून नेमकी फाइल ओळखणे हा त्याचा मोबदला. एक साधी युक्ती मी नेहमी वापरतो: सेटिंग्जच्या खिडकीत एखादा बदल करावा, आणि लगेच डॉट कॉन्फिग फोल्डर बदलाच्या वेळेनुसार लावून पाहावा, सर्वांत वर आलेली फाइल बहुधा आपल्याला हवी असलेलीच असते.

एक्सएफसीई या डेस्कटॉपमध्ये एक्सएफकॉन्फ ही व्यवस्था असून तिच्या फाइली डॉट कॉन्फिगच्या आत, एक्सएफसीई४ या फोल्डरमध्ये एक्सएमएल स्वरूपात असतात. वाचायला त्या सोप्या आहेत, पण त्या सांभाळणारी सेवा पार्श्वभूमीवर सतत चालू असते आणि तिच्या स्मृतीतली मूल्ये तिला खरी वाटतात. डेस्कटॉप चालू असताना या फाइली बदलल्या, तर ती सेवा आपली जुनी मूल्ये पुन्हा लिहून टाकते. प्लाझ्माच्या पॅनलचेही असेच होते. याचा उपाय पुढे येईलच.

ब्राउझर, किल्ल्या आणि पासवर्ड

फायरफॉक्स बुकमार्क आणि भेट दिलेल्या पानांचा इतिहास प्लेसेस या नावाच्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवतो. ब्राउझर चालू असताना तो डेटाबेस कॉपी केला, तर नुकतेच केलेले बदल त्याच्या शेजारच्या वॉल या फाइलीत असू शकतात, आणि कॉपी करताना दोन फाइलींमध्ये क्षणाचे अंतर पडले तरी विसंगत प्रत तयार होऊ शकते. थंडरबर्ड आणि इतर अनेक प्रोग्रामही असेच डेटाबेस वापरतात. त्यामुळे बॅकअप सुरू करण्यापूर्वी ब्राउझर आणि ईमेलचा प्रोग्राम बंद करणे ही एवढीशी शिस्त फार मोलाची आहे.

फायरफॉक्समध्ये साठवलेले पासवर्ड लॉगिन्स नावाच्या फाइलीत कूटबद्ध स्वरूपात असतात आणि ते उलगडण्याची किल्ली की४ या दुसऱ्या फाइलीत असते. एक घेतली आणि दुसरी राहिली तर पासवर्ड गेले असेच समजावे. दोन्ही एकत्र असतील आणि मुख्य पासवर्ड ठेवलेला नसेल, तर मात्र ज्याच्या हाती त्या फाइली पडतील त्याला सगळे पासवर्ड वाचता येतात. क्रोमियम आणि त्यावर आधारलेल्या ब्राउझरांची रीत निराळी आहे. ते उलगडण्याची किल्ली डेस्कटॉपच्या पासवर्ड-पेटीत, म्हणजे ग्नोमच्या कीरिंगमध्ये किंवा केडीईच्या वॉलेटमध्ये ठेवतात. त्यामुळे ब्राउझरचा फोल्डर जसाच्या तसा नव्या संगणकावर नेला, तरी पेटी बरोबर नेली नसेल तर साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत.

ग्नोमची ही पेटी डॉट लोकल-शेअरच्या आतील कीरिंग्ज या फोल्डरमध्ये असते आणि तिला लॉगिनच्याच पासवर्डाचे कुलूप असते, म्हणून आपण लॉगिन केले की ती आपोआप उघडते. नव्या संगणकावर लॉगिनचा पासवर्ड वेगळा ठेवला असेल, तर परत आणलेली पेटी जुनाच पासवर्ड मागते. तो आठवत असेल तर पेटीचा पासवर्ड बदलून नव्याशी जुळवून घेता येतो. आठवत नसेल तर आतला ऐवज कायमचा बंद.

एसएसएचच्या खासगी किल्ल्यांच्या बाबतीत परवानग्या महत्त्वाच्या असतात. किल्लीची फाइल मालकाखेरीज इतर कोणाला वाचता येत असेल, तर एसएसएच ती वापरायला साफ नकार देते आणि किल्ली असुरक्षित असल्याचा ठळक इशारा दाखवते. किल्ली एखाद्या साध्या पेन ड्राइव्हवरून फिरून आली की नेमके हेच होते. अशा वेळी फोल्डरला ७०० (फक्त मालकाला सर्व हक्क) आणि खासगी किल्लीला ६०० (फक्त मालकाला वाचणे-लिहिणे) अशी परवानगी दिली की काम भागते. मजकूर कूटबद्ध करणाऱ्या जीपीजी या प्रोग्रामच्या डॉट जीएनयूपीजी फोल्डरलाही ७०० हीच परवानगी योग्य.

काही गोष्टी मात्र आपल्या असूनही होम फोल्डरमध्ये नसतात, आणि होम फोल्डरचा कितीही काळजीपूर्वक बॅकअप घेतला तरी त्या निसटतात. वायफायची नावे आणि पासवर्ड नेटवर्कमॅनेजर बहुधा ईटीसी या प्रणाली-फोल्डरच्या आत ठेवतो आणि त्या फाइली फक्त रूटला, म्हणजे प्रणालीच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याला, वाचता येतात. ठरावीक वेळी चालणाऱ्या कामांचे क्रॉनटॅब व्हार फोल्डरमध्ये असते. 'क्रॉनटॅब' या आज्ञेला वजाचिन्ह आणि एल जोडून ते मजकुरात उतरवून घेता येते. प्रिंटरची मांडणी कप्स या व्यवस्थेच्या प्रणाली-फोल्डरात असते. बसवलेल्या प्रोग्रामांची यादीही अवश्य लिहून ठेवावी: डेबियन व उबुंटूच्या कुळात 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल', आर्च या वितरणात पॅकमन या आज्ञेची क्यूक्यूई ही तीन अक्षरे, फ्लॅटपॅकसाठी 'फ्लॅटपॅक लिस्ट'. या याद्या काही किलोबाइटच्या असतात, पण नव्या संगणकावर त्यांनी अर्धा दिवस वाचतो.

साठवायचे कशात

पेन ड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्क अनेकदा फॅट३२ किंवा एक्सफॅट या मांडणीत विकल्या जातात. या मांडण्यांत लिनक्सच्या मालकीची, परवानग्यांची आणि सांकेतिक दुव्यांची (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या फाइलींची) नोंद ठेवण्याची सोयच नाही. फॅट३२ मध्ये तर एका फाइलीला ४ गीगाबाइटची मर्यादाही आहे. त्यामुळे अशा डिस्कवर होम फोल्डर सुटा सुटा कॉपी करू नये. एक तर डिस्कला ईएक्सटी४ सारखी लिनक्सची मांडणी द्यावी, नाहीतर सगळे टार या प्रोग्रामने एका गाठोड्यात बांधावे. गाठोड्याच्या आत परवानग्या, मालकी आणि दुवे शाबूत राहतात, बाहेरची डिस्क कोणतीही असो.

रोजच्या वापरासाठी आरसिंक उत्तम आहे. १९९६ पासून चालत आलेला हा प्रोग्राम दुसऱ्या खेपेपासून फक्त बदललेल्या फाइली पाठवतो, आणि त्याचा 'ए' हा पर्याय परवानग्या, वेळा व दुवे जपतो. त्याच्या वापरात तिरक्या रेघेचा एक बारकावा आहे: स्रोत फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर त्या फोल्डरमधला ऐवज पाठवला जातो, न दिली तर फोल्डर स्वतःच पाठवला जातो. 'डिलीट' हा पर्याय जोडलेला असताना या एका रेघेची गफलत झाली, तर पलीकडच्या डिस्कवरच्या फाइली पुसल्या जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक नवी आज्ञा आधी 'एन' हा पर्याय देऊन चालवावी. तेव्हा आरसिंक काय करणार आहे ते केवळ सांगतो, प्रत्यक्षात काही करत नाही.

आरसिंकच्या साध्या वापराने शेवटची स्थिती तेवढी राहते. एखादी सेटिंग मंगळवारी बिघडली आणि बुधवारी बॅकअप झाला, तर बॅकअपमध्येही ती बिघडलेलीच जाते. एखाद्या ऑनलाइन फोल्डरशी चालणाऱ्या समक्रमणाला बॅकअप समजू नये, याचेही कारण हेच: इकडे पुसलेले तिकडेही पुसले जाते. जुन्या तारखांच्या प्रती हव्या असतील तर बोर्ग किंवा रेस्टिक वापरावे. दोन्ही प्रोग्राम एकसारखे तुकडे एकदाच साठवतात, त्यामुळे तीस दिवसांच्या तीस प्रतींना तीसपट जागा लागत नाही, आणि दोन्ही साठा कूटबद्ध करू शकतात. पासवर्डांच्या पेट्या व किल्ल्या आत असताना कूटबद्ध करणे मी अनिवार्य मानतो. फक्त त्याचा परवलीचा शब्द त्याच संगणकावर लिहून ठेवू नये, कारण संगणक गेला की शब्दही जाईल आणि साठा उघडता येणार नाही. टर्मिनल नको असणाऱ्यांसाठी देजा द्यूप आणि बॅक इन टाइम हे सोपे पर्याय आहेत.

टाइमशिफ्टबद्दल एक सूचना येथेच द्यायला हवी. तो प्रणालीच्या फाइलींची छायाप्रत घेण्यासाठी आहे आणि होम फोल्डर मुळात वगळूनच चालतो. 'माझ्याकडे टाइमशिफ्ट आहे' म्हणून निश्चिंत राहिलेल्या अनेकांना हे डिस्क गेल्यावर कळते, आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

मजकूर-फाइलींतल्या मोजक्या सेटिंग्जसाठी, म्हणजे शेल, संपादक, टर्मिनल यांच्या मांडणीसाठी, फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारा गिट हा प्रोग्राम वापरण्याचीही पद्धत आहे; जीएनयू स्टो किंवा शेमोई असे प्रोग्राम त्या फाइली एका जागी ठेवून त्यांच्या मूळ जागांशी जोडून किंवा तेथे उतरवून देतात. त्यात प्रत्येक बदलाचा इतिहास आणि कारण लिहून राहते. मात्र किल्ल्या आणि पासवर्ड अशा साठ्यात कधीही घालू नयेत. एकदा गिटच्या इतिहासात शिरलेली गोष्ट नंतर फाइल पुसून जात नाही.

परत ठेवताना

जुना होम फोल्डर नव्या प्रणालीवर तसाच ओतण्याचा मोह होतो. तोच संगणक, तीच वितरण-आवृत्ती आणि तेच वापरकर्तानाव असेल तर ते बहुतेक वेळा चालूनही जाते. पण यातले एक जरी बदलले, तरी निवड करावी लागते.

पहिली अडचण मालकीची. लिनक्स फाइलीचा मालक नावाने नव्हे तर क्रमांकाने ओळखतो. बहुतेक वितरणांत पहिल्या वापरकर्त्याला १००० आणि दुसऱ्याला १००१ हा क्रमांक मिळतो. जुन्या संगणकावर आपण दुसरे आणि नव्यावर पहिले असू, तर रूट म्हणून परत आणलेल्या फाइली आपल्या नावावर दिसणार नाहीत आणि प्रोग्राम आपल्याच सेटिंग्ज लिहू शकणार नाहीत. चोन ही आज्ञा होम फोल्डरवर चालवून मालकी आपल्याकडे घ्यावी. वापरकर्तानाव बदलले असेल तर दुसरी अडचण येते: अनेक फाइलींच्या आत जुन्या होम फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. पार्श्वचित्र, आपोआप सुरू होणारे प्रोग्राम, सांकेतिक दुवे यांत तो सापडतो. ग्रेप या आज्ञेने जुने नाव डॉट कॉन्फिगमध्ये शोधून पाहिले की किती ठिकाणी हात घालावा लागेल याचा अंदाज येतो. शक्य असेल तर नाव तेच ठेवावे, हे सर्वांत सोपे.

काही फाइली जुन्या यंत्राच्याच असतात आणि त्या नव्यावर आणू नयेत. ग्नोममध्ये पडद्यांची रचना डॉट कॉन्फिगमधल्या मॉनिटर्स या एक्सएमएल फाइलीत असते, प्लाझ्माच्या जुन्या आवृत्त्यांत केस्क्रीनच्या फोल्डरमध्ये; पल्सऑडिओ ही ध्वनिव्यवस्था वापरणाऱ्या प्रणालींत ध्वनीच्या उपकरणांची निवड पल्स फोल्डरमध्ये. एक्सऑथॉरिटी आणि आइसऑथॉरिटी या टिंबधारी फाइली तर केवळ त्या त्या लॉगिनपुरत्या असतात.

आवृत्तीची दिशाही पाहावी. जुन्या आवृत्तीच्या सेटिंग्ज नवा प्रोग्राम सहसा समजून घेतो आणि आपल्या रूपात बदलून घेतो. उलट दिशेची खात्री नसते. फायरफॉक्सने तर २०१९ मधील ६७ व्या आवृत्तीपासून, नव्या आवृत्तीत वापरलेली प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडू न देण्याची व्यवस्थाच केली आहे. त्यामुळे नव्या संगणकावर आधी प्रणाली अद्ययावत करावी, मग प्रोग्राम बसवावेत, आणि त्यानंतरच सेटिंग्ज आणाव्यात.

चालू डेस्कटॉपच्या फाइली त्याच्या पायाखालून बदलू नयेत, हे एक्सएफसीई आणि प्लाझ्माच्या संदर्भात वर आलेच आहे. त्यासाठी डेस्कटॉपमधून पूर्ण लॉगआउट करावे, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा दाबून मजकुराच्या पडद्यावर जावे, तेथे लॉगिन करून फाइली जागेवर ठेवाव्यात, आणि मग चित्रमय लॉगिनकडे परतावे. डीकॉन्फ लोडला मात्र याची गरज नाही. ते चालू डेस्कटॉपमध्येच करायचे असते आणि त्याचे बदल बहुधा लगेच डोळ्यांसमोर दिसतात. फाइली ठेवण्यापूर्वी नव्या प्रणालीने स्वतः तयार केलेला फोल्डर पुसू नये, त्याचे नाव बदलून बाजूला ठेवावा. काही बिघडले तर तो परत आणायला काही सेकंद पुरतात.

मी आता पुढील क्रमाने जातो. प्रथम दस्तऐवज, मग एसएसएच व जीपीजीच्या किल्ल्या, मग ब्राउझर आणि ईमेल, त्यानंतर फॉन्ट व शब्दकोश, आणि शेवटी डेस्कटॉपची मांडणी. प्रत्येक टप्प्यानंतर तो प्रोग्राम उघडून पाहतो. सगळे एकदम आणले आणि काही अडले, तर कोणत्या फाइलीने अडवले हे शोधणे फार जिकिरीचे होते. एकेक आणले तर दोषी समोरच असतो.

हे सारे डिस्क बिघडण्याची वाट न पाहता आजच करून बघता येते. त्याच संगणकावर एक नवा वापरकर्ता तयार करावा, बॅकअपमधून त्याच्या होम फोल्डरमध्ये सेटिंग्ज आणाव्यात, मालकी त्याच्या नावे करावी आणि त्याच्या नावाने लॉगिन करावे. बुकमार्क दिसतात का, ईमेलचे खाते उघडते का, एसएसएच किल्ली स्वीकारते का, स्वतः बनवलेला एखादा शॉर्टकट चालतो का, आणि लिब्रेऑफिसमध्ये आपण शब्दकोशात घातलेला एखादा अवघड शब्द लिहिला तर त्याखाली तांबडी रेघ येते का, हे पाहावे. येथे नाव आणि क्रमांक दोन्ही वेगळे असल्यामुळे मालकीच्या व जुन्या पत्त्यांच्या अडचणीही याच वेळी वर येतात. जे चालले नाही ते कागदावर लिहून ठेवावे, बॅकअपच्या यादीत ती फाइल जोडावी, पुन्हा एकदा आणून पाहावे, आणि मग तो चाचणीचा वापरकर्ता काढून टाकावा.